मोटारीवरची अफशाँ

नवरीच्या भांगात आणि कपाळावर लावायच्या सोनेरी-रुपेरी चुऱ्याला उर्दूत अफशाँ म्हणतात. मोगल काळात हस्तलिखितांच्या समासांवर सोन्याच्या वर्खाचे बारीक कण शिंपडत, त्या कागदाला ज़रअफशाँ असे नाव होते. चकाकणाऱ्या कणांनी उजेडाला खेळवायचे, ही माणसाची हौस अशी जुनीच आहे. विसाव्या शतकात ती मोटारीच्या पत्र्यावर उतरली आणि तिने एक अवघड कारागिरी जन्माला घातली. आपल्या वस्त्यांतल्या कित्येक घरांची चूल या कारागिरीवर पेटते. म्हणून तिचा इतिहास आपल्याला माहीत असायला हवा.

सुरुवातीच्या मोटारी घोडागाडीसारख्याच रंगवल्या जात. ब्रशने तेलरंगाचा आणि व्हार्निशचा हात द्यायचा, वाळू द्यायचे, घासायचे, पुन्हा हात द्यायचा. एक गाडी तयार व्हायला आठवडे लागत. फोर्डची ‘मॉडेल टी’ १९१४ ते १९२५ या काळात केवळ काळ्या रंगात निघत होती. मग अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीने नायट्रोसेल्युलोजपासून ‘ड्युको’ हा रंग काढला. जनरल मोटर्सने तो आपल्या ओकलंड गाडीच्या १९२४ च्या मॉडेलवर वापरला आणि आठवड्यांचे काम तासांवर आले. आपल्याकडे लाकडी फर्निचरवरच्या गुळगुळीत रंगाला आजही लोक ‘ड्युको’ म्हणतात, ते नाव तिथले.

ड्युको इतका झटपट वाळे की ब्रशने तो नीट पसरतच नसे, फवारावाच लागे. फवारण्याचे साधन मात्र आधीच तयार होते. ओहायोतल्या टोलेडो शहरात ॲलन डेव्हिल्बिस नावाच्या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रोग्याच्या घशात औषध फवारण्याचे उपकरण बनवले होते. त्यांचे चिरंजीव थॉमस यांनी त्याच तत्त्वावर १९०७ मध्ये रंग फवारण्याची बंदूक तयार केली. गॅरेजमध्ये आज जिला नुसते ‘गन’ म्हणतात, तिचे मूळ असे दवाखान्यात आहे.

रंगात चमक आणण्यासाठी १९२० च्या दशकाच्या अखेरीस माशांच्या खवल्यांतून काढलेला मोतिया अर्क वापरला गेला. तो फार महाग पडे. लवकरच त्याची जागा ॲल्युमिनियमच्या सूक्ष्म पापुद्र्यांनी घेतली. हे पापुद्रे साधारण १० ते ३० मायक्रॉन रुंद असतात आणि त्यांची जाडी एका मायक्रॉनपेक्षाही कमी असते. प्रत्येक पापुद्रा म्हणजे एक इवलासा आरसा.

खरी अडचण इथूनच सुरू होते. साध्या पांढऱ्या किंवा लाल रंगाची छटा बहुतांशी त्यातल्या मिश्रणावर ठरते. मेटॅलिक रंगाची छटा मिश्रणाइतकीच हातावर ठरते. आरसे पत्र्यावर सपाट झोपले तर गाडी समोरून उजळ दिसते आणि तिरक्या नजरेने गडद. तेच आरसे आडवेतिडवे उभे राहिले तर हा खेळ बिघडतो. कोट ओला आणि जाड बसला की पापुद्रे खोल बुडतात, रंग काळपट होतो. गन लांब धरली, हवेचा दाब वाढवला किंवा थिनर भरभर उडाले, की कोट सुका पडतो आणि रंग फिकट, रुपेरी दिसतो. हात मध्येच रेंगाळला तर ढगासारखे डाग उठतात. एका पट्ट्यावर दुसरा पट्टा पुरेसा चढला नाही तर पत्र्यावर झेब्य्रासारख्या रेषा उमटतात. डबा नीट ढवळला नाही तर धातू तळाशी बसतो आणि पहिला दरवाजा व शेवटचा दरवाजा वेगळे दिसतात. मे महिन्यातल्या नागपूरच्या उन्हाळ्यात आणि जुलैतल्या मुंबईच्या दमट हवेत एकच थिनर चालत नाही, हे पेंटरला पुस्तकाने नव्हे, बिघडलेल्या कामाने शिकवलेले असते.

दुरुस्तीचा पेच आणखी मोठा. जुन्या एकथरी मेटॅलिक रंगावर ओरखडा पडला आणि तो रबिंग करून काढायला गेले, तर वरचे पापुद्रेच कापले जात आणि तिथे डाग पडे. ऊन-पावसानेही असे रंग लवकर निस्तेज होत. यावर उपाय म्हणून रंग आणि चमक वेगळी करण्यात आली. खाली धातूचा पातळ बेस कोट आणि वर पारदर्शक क्लिअर कोट ही पद्धत १९८० च्या दशकात जगभर रूढ झाली. तरीही रंग जुळवण्याचा प्रश्न सुटला नाही. कारखान्यात रंग विजेचा भार देऊन, वेगाने फिरणाऱ्या यंत्रांतून फवारला जातो. त्यात पापुद्रे ज्या पद्धतीने बसतात, तसे ते हातातल्या गनमधून बसत नाहीत. गाडीवरचा कोड आणि डब्यावरचा कोड एकच असूनही दरवाजा वेगळा दिसतो, तो यामुळे. आता वेगवेगळ्या कोनांतून रंग मोजणारी यंत्रे आली आहेत. ती मिश्रण सुचवतात, पण शेवटचा कोट हातानेच मारावा लागतो.

म्हणून जाणता पेंटर आधी एका तुकड्यावर रंग मारून, क्लिअर चढवून, उन्हात समोरून आणि बाजूने पाहतो. मग दुरुस्त केलेल्या जागेवरून रंग शेजारच्या पत्र्यावर हळूहळू विरत नेतो आणि क्लिअर मात्र पूर्ण पत्र्यावर मारतो. दोन छटा एकमेकींत अशा मिसळतात की जोड डोळ्याला सापडत नाही. ग्राहकाला दिसत नाही, तेच त्याचे उत्तम काम. त्याच्या हुनराची कदर होत नाही, याचे एक कारण हेही असावे.

भारतात १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि १९९१ नंतर अनेक परदेशी कंपन्या आल्या. अँबॅसिडर आणि पद्मिनीच्या साध्या रंगांच्या जमान्यात तयार झालेल्या उस्तादांना हे नवे तंत्र कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या गॅरेजच्या गल्ल्यांत काम करता करताच आत्मसात करावे लागले. देशातले मुस्लिम कामगार ज्या व्यवसायांत मोठ्या प्रमाणात आहेत, त्यांत वाहनदुरुस्तीचा उल्लेख २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात आहे. उस्तादाकडून शागीर्दाकडे ही विद्या जाते, पण तिचा कुठे कागद होत नाही. कागद नाही म्हणून कर्ज नाही, कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जागा नाही.

याहून गंभीर गोष्ट छातीची आहे. क्लिअर कोटच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायने असतात. फवारताना त्यांचा धुरळा श्वासात जातो आणि दमा जडतो. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा खात्याने गाड्या रंगवणाऱ्यांना दम्याचा धोका इतर कामगारांपेक्षा सुमारे ८० पट असल्याचे सांगितले आहे. तोंडाला बांधलेला रुमाल यावर काहीच करू शकत नाही. नळीतून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क आणि हवा खेचून घेणारी बंद खोली लागते. युरोपीय संघाने २००७ पासून गाडी-दुरुस्तीच्या रंगांतील उडणाऱ्या द्रव्यांवर मर्यादा घातली आणि तिथे पाण्यात मिसळणारे बेस कोट वाढले. मात्र त्यावरचा क्लिअर बहुधा हार्डनरचाच राहिला, म्हणजे मास्क तिथेही सुटला नाही.

आमच्या शाळांतून आठवी-दहावीनंतर अनेक मुले गॅरेजची वाट धरतात. त्यांना थांबवता येईल तेवढे थांबवावेच. पण जी जाणार आहेत, त्यांना मोटारीच्या रंगकामाचा आयटीआयमध्ये एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, हे तरी शिक्षकांनी सांगावे. अनुभवी कारागिरांच्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारी कौशल्य योजनांत झाली आहे. आपल्या जमातींनी आणि संस्थांनी उस्तादांना तिथवर न्यावे. गल्लीतल्या पाच गॅरेजांनी मिळून एक चांगला मास्क आणि एक रंगखोली उभी केली, तरी ती मोठी सेवा ठरेल.

ज़रअफशाँ कागद बनवणाऱ्या बहुतेक कारागिरांची नावे आज आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांचे कागद संग्रहालयांत जपून ठेवले आहेत. मोटारी तर भंगारात जातात. रंग राहणार नाही, निदान तो मारणारा माणूस धडधाकट राहावा आणि त्याला नाव मिळावे.