खुळखुळणारी पट्टी

रिव्हॉल्व्हर साफ करून पुन्हा जोडताना एखादा भाग विसरला, तर ते चालणारच नाही, असे आपण गृहीत धरतो. जुन्या काळी ते खरेही होते. सॅम्युअल कोल्टच्या 1851 च्या नेव्ही मॉडेलमध्ये नळी सांगाड्याला एका पोलादी पाचरीने जखडलेली असे. काळ्या दारूची काजळी ओल धरते आणि लोखंड खाते. म्हणून पाचर ठोकून काढायची, भाग गरम पाण्याने धुवायचे, पुसून तेल लावायचे आणि पुन्हा बसवायचे, हे नित्याचेच काम होते. पाचर राहिली तर नळी हातात यायची. चूक लपायला जागाच नव्हती. सुरक्षितता मात्र यंत्रात नव्हती, रिवाजात होती. कोल्टच्या 1873 च्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याचे टोक थेट काडतुसावर टेकत असे, आणि घोडा अडकवून ठेवणारी खाच धक्का सोसायला पुरेशी नव्हती. त्यामुळे जाणकार सहा कप्प्यांत पाचच काडतुसे भरत आणि घोडा रिकाम्या कप्प्यावर ठेवत.

पुढे हा रिवाज कारखान्याने सुट्या भागात ओतला, आणि तिथे दोन वाटा फुटल्या. स्मिथ अँड वेसनने घोडा अडवणारा भाग घातला. 1944 मध्ये जहाजावर पडलेल्या त्यांच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागून एक अमेरिकन खलाशी मेला. त्यानंतर ही रचना बदलली. आता चाप सोडला की एक बारीक पोलादी पट्टी वर सरकते आणि घोडा व सांगाडा यांच्यामध्ये उभी राहते. पण बाजूची झाकणपट्टी बसवताना ही अडवणारी पट्टी राहून गेली, तरी स्क्रू घट्ट बसतात, सिलिंडर फिरतो, गोळीही सुटते. आयव्हर जॉन्सनची, आणि पुढे रूगरची, वाट उलटी. तिथे घोड्याचा मार एका पट्टीमार्फतच काडतुसावर आदळणाऱ्या पिनेपर्यंत पोचतो. पट्टी नसेल तर गोळीच उडत नाही. माझ्या मते हीच रचना शहाणी, कारण इथला विसर पहिल्याच चापाला बोलतो.

यावर आक्षेप असा की रोजच्या सफाईत झाकणपट्टी उघडायचीच नसते. सिलिंडर बाहेर काढला की पुरे. बरोबर आहे, पण घाण आणि सुकलेले तेल झाकणाआडही साचते. कधीतरी कुणाला तरी ते उघडावेच लागते, आणि उघडणारा नेहमी बंदुकांचा कारागीर असतोच असे नाही. दुसरा आक्षेप वजनदार आहे: पट्टी मोडली आणि गोळी उडाली नाही, तर ऐन वेळी पोलिसाचा जीव जाईल. ही किंमत खरीच. तरीही सराव करताना कळणारा बिघाड मला कधीच न कळणाऱ्या बिघाडापेक्षा परवडतो. गंमत अशी की स्मिथ अँड वेसनचे रिकामे रिव्हॉल्व्हर हलवले की आत काहीतरी खुळखुळते, म्हणून नवा मालक हमखास तक्रार करतो. बहुधा ती घोडा अडवणारी हीच पट्टी असते.