शाफ्टवरचे दोन बाण

गाडीच्या कप्प्यात बाबांची एक वही असायची. पेट्रोल किती भरलं, ऑइल कधी बदललं, किलोमीटर किती झाले, सगळं त्यात. लांबच्या प्रवासात ती माझ्या मांडीवर यायची आणि वेळा टिपायचं काम माझं असायचं. १९९४ च्या मे महिन्यातल्या त्या नोंदी माझ्याच अक्षरात आहेत, म्हणून हे सगळं तासांच्या हिशेबाने सांगता येतं. गाडी १९८१ ची अँबॅसडर, मार्क फोर. पुण्याहून कराडमार्गे चिपळूणला मामेबहिणीच्या लग्नाला निघालो होतो. बाबा, आई, आजी आणि पंधरा वर्षांचा मी.

आदली संध्याकाळ, ६:३०. एकवीस तास आधी.

गाडी गॅरेजमधून परत आली. गिअरबॉक्सच्या मागच्या ऑइल सीलमधून तेल गळत होतं, ते बदललं. त्यासाठी प्रोपेलर शाफ्ट उतरवावा लागतो. इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना, अशा गाडीत हा पोकळ दांडा पोटाखालून डिफरन्शियलपर्यंत जातो. दोन्ही टोकांना एकेक क्रॉस, म्हणजे कोनातही फिरू देणारा जोड, असतो आणि मागचं टोक चार बोल्टांनी डिफरन्शियलच्या फ्लँजला आवळलेलं असतं. मी वहीत लिहिलं, ‘ऑइल सील नवं. शाफ्ट काढून बसवला.’ त्या वहीतली सर्वांत मोलाची ओळ हीच, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती कुणी पुन्हा वाचली नाही.

सकाळी ५:४०. दहा तास आधी.

गाडी अंगणातून मागे घेताना खालून ‘टक्’ असा एक आवाज आला. पुढचा गिअर पडला तेव्हा आणखी एक. आजी म्हणाली, “अरे, खाली काहीतरी आपटतंय.” बाबा म्हणाले, “जुनी गाडी आहे आई, क्रॉस थोडा खेळत असेल.” म्हणणं चुकीचं नव्हतं. गिअर पडताना किंवा क्लच सोडताना एकदाच येणारा ठोका बहुतेक वेळा झिजलेल्या क्रॉसचाच असतो. पण आदल्या दिवशी सकाळपर्यंत तो ठोका नव्हता.

सकाळी ७:०५. साडेआठ तास आधी.

कात्रजचा घाट शांतपणे गेला. शिरवळच्या अलीकडे सपाट रस्ता लागला, काटा साठाकडे सरकला आणि पायाखालच्या पत्र्यातून घुमणं सुरू झालं. चाळीसवर आलो की थांबायचं, पंचावन्नच्या पुढे परत यायचं. आईच्या हातातल्या डब्याचं झाकण थरथरत होतं.

या घुमण्यातच उत्तर होतं. ताशी साठ किलोमीटरला अँबॅसडरचं चाक मिनिटाला साधारण ५०० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला आठ. चाकात दोष असेल तर धडधड जाणवते, ती जवळजवळ मोजता येते. शाफ्ट मात्र चाकाच्या साडेचारपटीहून जास्त फिरतो, मिनिटाला २,३०० च्या आसपास. तिथला दोष मोजता येत नाही, त्याचा सूर होतो. आम्ही सूर ऐकत होतो आणि चाकाबद्दल बोलत होतो.

८:५०. सात तास आधी.

खंबाटकी ओलांडून साताऱ्यात नाश्ता. बाबांनी चारही टायरांवरून हात फिरवला. कुठे फुगवटा नाही, हवा बरोबर.

९:५०. सहा तास आधी.

सातारा मागे पडल्यावर लांब, सरळ, मोकळा पट्टा लागला. तिथे बाबांनी जे केलं ते मी आजही प्रत्येक जुन्या गाडीत करतो. साठला असताना गिअर काढून न्यूट्रलवर घेतलं. इंजिन मंदावलं, सूर तसाच राहिला. म्हणजे इंजिन आणि क्लच सुटले. मग स्टिअरिंग हलकेच डावीकडे, हलकेच उजवीकडे. चाकाचं बेअरिंग गेलेलं असेल तर गाडीचा भार ज्या बाजूला पडतो तसा आवाज वाढतो किंवा कमी होतो. इथे फरक नाही. मग पुन्हा टॉप गिअर, पाय दाबून आणि पाय सोडून. डिफरन्शियलमधलं क्राउन-पिनियन खराब असेल तर बहुधा या दोन्हींत फरक पडतो, एकात रडतं, दुसऱ्यात गप्प होतं. इथे दोन्हीकडे तोच सूर.

“शाफ्ट,” बाबा म्हणाले. “कराडला दाखवू.”

निदान अचूक होतं. आवाजाच्या मागे जाऊन माणूस इतक्या जवळ पोचू शकतो, हे मला त्या दिवशी समजलं आणि बाबांचा फार अभिमान वाटला.

११:१५. साडेचार तास आधी.

कराडमध्ये रस्त्याकडेचं गॅरेज. मिस्त्री वयस्क, हात शांत. गाडी जॅकवर घेतली, खाली लाकडी ठोकळे लावले. मागचं चाक हाताने फिरवून बेअरिंगला कान लावला. मग शाफ्ट दोन्ही हातांनी धरून पिळला, वरखाली हलवला. म्हणाला, “साहेब, क्रॉस घट्ट हाय. अजून वरीसभर बगायला नगं.” खरंच घट्ट होता. त्याने क्रॉसच्या निपलांत ग्रीस भरलं, डिफरन्शियलचं तेल थोडं कमी होतं ते भरलं आणि घुमण्याचं कारण म्हणून तेच सांगितलं.

हात क्रॉसवर फिरले, बोल्टांवर पाना पडला नाही. ही एवढी जागा राहिली. गॅरेजमधून आदल्या दिवशीच आलेली गाडी, पण तिथे नेमकं काय उघडलं होतं हे त्याने विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. आम्ही त्याला फक्त आवाज सांगितला.

मी पण गाडीखाली वाकून बघत होतो. मागच्या फ्लँजवर सगळीकडे काळं वंगण बसलेलं, फक्त एका नटाच्या भोवती धातूची नवी, चकचकीत चंद्रकोर आणि तिच्याखाली विटेच्या रंगाची बारीक पूड. मला ते सुंदर दिसलं. ढिला नट आपल्या जागी घासत असला की असंच दिसतं, हे मला माहीत नव्हतं. मी कुणाला काही बोललो नाही. तीस वर्षांनंतरही ती चंद्रकोर मी कागदावर काढून दाखवू शकतो.

दुपारी १:३०. सव्वादोन तास आधी.

जेवण करून निघालो. रस्ता अरुंद आणि वळणाचा, वेग चाळीसच्या आत. घुमणं अर्थातच बंद. बाबा आईला म्हणाले, “तेलच होतं.”

२:२५. पाटण. ऐंशी मिनिटं.

ठोका बदलला. सकाळी तो फक्त गिअर टाकताना येत होता, आता ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की येऊ लागला, आणि एकाऐवजी दोन. टक-टक. वहीत माझी नोंद आहे, ‘पाटण, आवाज परत.’ घुमणं शाफ्टच्या वेगाचं होतं, ठोका सैल होत चाललेल्या जोडाचा. आम्ही दोन्हींना एकच आवाज समजत होतो. एक थांबला म्हणून दुसराही किरकोळ वाटला.

३:१०. हेळवाक. पस्तीस मिनिटं.

चहा. बाबांनी वाकून खाली पाहिलं, पण ठोकळे नाहीत, अंगात लग्नाचे कपडे. संध्याकाळी सीमांतपूजन होतं. “घाट उतरला की पोफळीला बघू,” ते म्हणाले.

३:३०. पंधरा मिनिटं.

कुंभार्ली घाट. दुसरा गिअर, पाय सोडलेला, इंजिनाच्या आधाराने उतरण. बाबा नेहमी असंच उतरवायचे. उतारावर मागची चाकं इंजिनाला ओढत असतात, म्हणजे जोर उलट्या दिशेने त्याच चार बोल्टांवर येतो. ठोके थांबले. सगळा भार एका बाजूला टेकून बसला होता.

३:४५.

आधी एक मोठा आवाज, मग पत्र्यावर घणाचे घाव पडावेत तसे लागोपाठ. शाफ्टचं मागचं टोक सुटून खाली पडलं होतं आणि पुढचं टोक गिअरबॉक्स अजून फिरवतच होता. त्या फिरत्या दांड्याने मागच्या ब्रेकचा होज तोडला. आमच्या गाडीत चारही चाकांच्या ब्रेकचं तेल एकाच वाटेने जायचं. पेडल खालपर्यंत गेलं. चाकांचा इंजिनाशी संबंध तुटला होता, म्हणजे गिअरही कामाचा नाही. बाबांनी हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढला, स्टिअरिंग सोडून, मग पुन्हा धरून गाडी डोंगराकडच्या चरात घातली. गाडी एका अंगावर दगडांना घासत थांबली. बाबांचं मनगट मोडलं. आजीच्या खुब्याचं हाड मोडलं, ती त्यानंतर काठीशिवाय कधी चालली नाही. वहीत ३:३० नंतर काही लिहिलेलं नाही.

चार दिवसांनी चिपळूणच्या एका गॅरेजमध्ये रस्त्यावरून उचलून आणलेला शाफ्ट जमिनीवर ठेवला होता. मामा आणि मी गेलो होतो. तिथल्या मिस्त्रीने आधी फ्लँज दाखवला. चारपैकी एकच बोल्ट उरला होता आणि त्याच्यावर जुना, पकड गेलेला नट. असे सेल्फ-लॉकिंग नट एकदा सोडले की नवे लावायचे असतात.

मग त्याने रॉकेलच्या फडक्याने शाफ्टचा पुढचा भाग पुसला. गाडी स्प्रिंगवर वरखाली होते तशी शाफ्टची लांबी बदलावी म्हणून तिथे दातांचा एक सरकता जोड असतो. काढताना तो कसाही सुटतो, बसवताना मात्र एकाच जागी बसायला हवा. कोनात फिरणारा क्रॉस एका फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. पुढच्या क्रॉसची ही ओढाताण मागचा क्रॉस भरून काढतो, पण दोन्हींना धरणारे फोर्क एका रेषेत असले तरच. नाहीतर साठच्या वेगाला सेकंदाला सत्तरहून जास्त हिसके बसत राहतात, आणि ते नट सैल करत राहतात. रेष चुकू नये म्हणून कारखान्यात दोन्ही भागांवर एकेक बाण कोरलेला असतो.

वंगणाखालून दोन्ही बाण वर आले. मिस्त्रीने नखाने मधले दात मोजले. दोन. मग त्याने जोड ओढून वेगळा केला, बाणासमोर बाण आणला, परत सरकवला आणि शाफ्ट माझ्या हातात दिला, बघ म्हणून.