टास्क बोर्ड, वैयक्तिक
टास्क बोर्ड, वैयक्तिक : हातातली कामे ‘करायचे’, ‘चालू’, ‘झाले’ अशा रकान्यांत कार्डांच्या रूपाने मांडणारी संगणकीय फळी. ती सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर (क्लाउड) ठेवता येते किंवा स्वतःच्या ताब्यातल्या यंत्रावर (सेल्फ-होस्टेड). प्रस्तुत नोंद एक माणूस किंवा एक घर एवढ्याच वापरापुरती असून परिस्थिती छत्रपती संभाजीनगरची (औरंगाबाद) गृहीत धरली आहे.

पूर्वपीठिका : या मांडणीचे मूळ टोयोटा कंपनीच्या कानबान पद्धतीत आहे. ताइची ओनो यांनी ती १९५०च्या दशकात कारखान्यात बसवली. सुट्या भागांचा बिन रिकामा झाला की त्यावरचे कार्ड मागच्या टप्प्याकडे जाते आणि कार्डावर लिहिला असेल तेवढाच माल पुढे येतो. कार्ड नाही तर माल नाही. शहरालगतच्या वाळूजला १९८५मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि सुटे भाग पुरवणारे उद्योग भोवताली वाढले (एन्ड्युरन्स, व्हॅरॉक इ.). त्यामुळे इथल्या अनेकांना हे कार्ड संगणकाआधी शॉप फ्लोअरवरच भेटते. सॉफ्टवेअरमधला गाजलेला दाखला २००४-०५चा. डेव्हिड अँडरसन यांनी मायक्रोसॉफ्टच्या ज्या देखभाल-गटाला कानबानची शिस्त लावली, त्याचे प्रोग्रॅमर हैदराबादला होते. हा पहिलाच प्रयोग होता का, यावर एकमत नाही. वैयक्तिक बोर्डात मात्र एका वेळी किती कामे हाती घ्यायची या मर्यादेचा गाभाच बहुधा गळतो. ‘चालू’ रकान्यात वीस कार्डे साचलेल्या बोर्डाला कानबान म्हणणे नावापुरतेच.

क्लाउड : सर्वपरिचित सेवा ट्रेलो (२०११), २०१७मध्ये ती अ‍ॅटलासियनने ४२.५ कोटी डॉलरला घेतली. खाते उघडले की काम सुरू. फुकट योजनेत एका वर्कस्पेसमध्ये १० बोर्ड मिळतात. बोर्डाची प्रत जेसन या मजकूर-स्वरूपात उतरवता येते, पण जोडलेल्या फायली तीत येत नाहीत, नुसते दुवे येतात. पावत्या आणि वॉरंटीची कागदपत्रे कार्डांना डकवणाऱ्याने हे आधीच ध्यानात घ्यावे. सेवा बंद पडण्याचा धोका कल्पित नाही. वंडरलिस्ट ही लोकप्रिय कामयादी मायक्रोसॉफ्टने २०१५मध्ये घेतली आणि मे २०२०मध्ये मिटवली.

स्वतःचा सर्व्हर : कॅनबोर्ड, वीकॅन, नेक्स्टक्लाउडचा डेक हे प्रमुख पर्याय. एका माणसासाठी कॅनबोर्ड सर्वांत सुटसुटीत. तो पीएचपीवर चालतो आणि सगळा मजकूर एस्क्यूलाइट डेटाबेसच्या एकाच फाइलीत ठेवतो. ती फाइल आणि जोडलेल्या फायलींचा फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवला की बॅकअप झाला. रकान्यात किती कार्डे मावतील ही मर्यादाही त्यात घालता येते. बसवल्यावर वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड दोन्ही ‘अ‍ॅडमिन’ असतात. ते तसेच ठेवून बोर्ड इंटरनेटवर उघडा टाकणे म्हणजे दार सताड उघडे ठेवणे. वीकॅन दिसायला ट्रेलोच्या जवळचा आहे आणि ट्रेलोची जेसन प्रत आत घेतो, पण त्याला मोंगोडीबी हा डेटाबेस लागतो. मोंगोडीबीच्या ५.०पासूनच्या आवृत्त्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकाच्या प्रोसेसरवर चालत नाहीत, प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स आदेशसंच नसलेल्या जुन्या डेस्कटॉपवरही नाहीत. घरात पडून असलेले यंत्र कामी लावायच्या बेताला इथेच खीळ बसते.

वीज व जोडणी : रास्पबेरी पायचा भार ५ वॉट धरला तर महिन्याला सुमारे साडेतीन युनिट जळतात, ६० वॉटचा जुना डेस्कटॉप दिवसरात्र चालला तर सुमारे ४३. खरी अडचण वीज अचानक जाण्याची आहे. लिहिणे चालू असताना वीज गेली तर मेमरी कार्डावरची फाइल बिघडू शकते. घरच्या इन्व्हर्टरची लाइन बहुधा फक्त दिवे-पंख्यांना असते. ती राउटर आणि सर्व्हरपर्यंत ओढून घ्यावी लागते. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, आणि बंद कपाटात ठेवलेल्या रास्पबेरी पायचा प्रोसेसर ८० अंशांना पोचला की स्वतःचा वेग उतरवतो. बाहेरून बोर्ड उघडणे हा वेगळा प्रश्न. जिओसारख्या जोडण्यांत अनेक ग्राहक एकाच आयपीव्ही४ पत्त्यामागे असतात, त्यामुळे नुसते पोर्ट उघडून भागत नाही. स्टॅटिक आयपी विकत घ्यावा किंवा टेलस्केलसारखे खाजगी जाळे वापरावे. एका घरासाठी दुसरे बरे.

निवड : क्लाउड की स्वतःचा सर्व्हर या वादात वैशिष्ट्यांच्या याद्या फार मोजल्या जातात. निर्णायक प्रश्न एकच आहे : बोर्ड कोसळला तर तो परत कोण उभा करणार? बॅकअप उतरवून दुसऱ्या यंत्रावर एकदा उघडून पाहिला असेल, तरच घरचा सर्व्हर हा पर्याय खरा. नाहीतर क्लाउड आणि महिन्याला एक जेसन प्रत. वैशिष्ट्यांपैकी ठरावीक दिवसांनी पुन्हा उगवणाऱ्या कार्डाला निवडीत नको तेवढे महत्त्व मिळते. वीजबिलाला ते उपयोगी. नळाच्या पाण्याला नाही, कारण शहरात पाणीपुरवठ्याच्या दोन पाळ्यांमधले दिवस पुढेमागे होत राहतात.

मोबाइल : क्लाउड सेवा सरस.

कायदा : डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ हा व्यक्तीने स्वतःच्या किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या नोंदींना लागू नाही. त्याच बोर्डावर अशिलांची किंवा शिकवणीच्या मुलांची माहिती आली की ही सूट उरत नाही.