संकेतांकन आणि अक्षराची ओळख : गुरुमुखीतील नामदेव

नायगाव तालुक्यातील नरसी आणि परंपरेने नामदेवांचे जन्मस्थान मानलेली हिंगोली जिल्ह्यातील नरसी ही दोन भिन्न गावे होत. नामसाम्यावरून एकत्व गृहीत धरता येत नाही, ही जाण लिप्यंतराच्या विचारातही आवश्यक ठरते. ज्या नांदेडात १७०८ मध्ये गुरु गोविंदसिंगांनी ग्रंथास गुरुपद दिले, त्या ग्रंथात नामदेवांची ६१ पदे गुरुमुखीत आहेत. संगणकीय संकेतांकनामुळे या पदांच्या संहितेचा प्रश्न नव्याने उपस्थित होतो.

भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये स्वीकारलेल्या 'इस्की' प्रमाणाने ब्राह्मीजन्य लिपींतील समकक्ष अक्षरांना एकच संकेतांक दिला. लिपी बदलली की तीच संहिता दुसऱ्या लिपीत दिसावी, हे त्यामागील सूत्र होते. युनिकोडने प्रत्येक लिपीस १२८ स्थानांचा स्वतंत्र विभाग दिला. परंतु इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यातील समांतर क्रम कायम ठेवला. ही समांतरता सोयीची खरी. पण तिचा साचा देवनागरीचा आहे.

गुरुमुखीची परंपरागत वर्णमाला ऊडा, ऐडा आणि ईडी या तीन स्वरवाहकांनी सुरू होते व लगेच स, ह येतात. स्वर हे या वाहकांना चिन्हे जोडून सिद्ध होतात. संकेतांकनात मात्र देवनागरीप्रमाणे दहा स्वर स्वतंत्र मानले गेले आणि स, ह व्यंजनांच्या शेवटी गेले. म्हणजे केवळ संकेतांकांच्या क्रमाने लावलेली पदसूची गुरुमुखीच्या वाचकास परकी वाटणार.

मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने 'ळ'चे उदाहरण अधिक बोलके आहे. गुरुमुखीच्या मूळ पस्तीस अक्षरांत 'ळ' नाही. पुढे 'ल'च्या पायाशी बिंदू देऊन तो दाखवला जाऊ लागला. दोन्ही विभागांत 'ळ'चे सापेक्ष स्थान एकच असले, तरी युनिकोडच्या लेखी देवनागरीतील 'ळ' अविभाज्य आहे, तर गुरुमुखीतील 'ळ' हा 'ल' व बिंदू यांचा संयोग आहे. पस्तीस अक्षरांच्या मर्यादेत लिहिलेली संहिता यांत्रिक रीतीने देवनागरीत आणल्यास 'ल'च हाती येतो. तेथे मूळ उच्चार 'ळ' होता की 'ल', याचा निर्णय यंत्र करू शकत नाही. तो पाठचिकित्सेचा विषय आहे.

मराठीच्या आतही हा प्रश्न आहेच. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हा अर्थभेद सांभाळण्यासाठी द्रविड भाषांच्या लेखनासाठी ठेवलेल्या 'ऱ'चा आधार घ्यावा लागला.

तात्पर्य, संकेतांकन ही निव्वळ तांत्रिक नोंद नसून अक्षर म्हणजे काय याविषयीची ती एक भूमिका असते. नामदेवांच्या मराठी व गुरुमुखी संहितांचा तौलनिक अभ्यास संगणकाच्या साहाय्याने करू पाहणाऱ्याने प्रथम या भूमिकेचीच चिकित्सा करावयास हवी. अन्यथा लिपीने घडवलेला भेद भाषेचा भेद म्हणून नोंदवला जाईल.