बोटीवरचे दोन स्काउट

ध्रुवीय मोहिमांचा विषय निघाला की आपल्यापुढे ठरलेली नावं येतात. अमुंडसेन, स्कॉट, शॅकलटन, बर्ड. आज मात्र मी तुम्हाला या मोठ्या माणसांच्या बोटीवर कोळसा ओढणाऱ्या आणि कुत्र्यांना खायला घालणाऱ्या पोरांची गोष्ट सांगणार आहे. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला वर्ष-दोन वर्षं बर्फात नेऊन आणलं, तर पुढच्या आयुष्यात त्याचं काय होतं? हल्ली विद्यार्थ्यांच्या ध्रुवीय सहली निघतात, त्यांच्या जाहिरातींत ‘आयुष्य बदलून टाकणारा अनुभव’ असं छापलेलं असतं. ते कितपत खरं, हे पाहायचं तर ज्यांची आयुष्यं पूर्ण झाली आहेत अशा माणसांकडेच जायला हवं.

१९२१ साली अर्नेस्ट शॅकलटन ‘क्वेस्ट’ नावाची छोटी बोट घेऊन पुन्हा दक्षिणेला निघाला होता. या वेळी एक बालवीर, म्हणजे बॉय स्काउट, सोबत न्यायचा असं ठरलं. वर्तमानपत्रात बातमी आली आणि सुमारे १,७०० मुलांनी अर्ज केले. त्यांतून दहा जण शॅकलटनसमोर उभे राहिले. त्याला एक निवडायचा होता, निवड होईना, म्हणून त्याने दोघांना घेतलं. ॲबरडीनचा जेम्स मार आणि ऑर्कनी बेटांवरचा नॉर्मन मूनी.

मूनीची गोष्ट लवकर संपते. ‘क्वेस्ट’ ही मुळात सील मारायला जाणारी नॉर्वेची बोट. ती समुद्रात भयंकर हेलकावे खायची. मूनीला बोट इतकी लागली की मदेइरा बेटावरून त्याला घरी परत पाठवावं लागलं. १,७०० तून निवडलेला मुलगा आणि हरला कोणापुढे, तर पोटातल्या मळमळीपुढे! इतिहासाच्या पुस्तकांत त्याला एखादं वाक्य मिळतं. पण ‘मोहिमेने माणूस घडवला’ असं म्हणताना मला मूनी नेहमी आठवतो. दोघांची निवड एकाच कसोटीवर झाली होती.

मार तेव्हा अठरा वर्षांचा होता आणि विद्यापीठात ग्रीक-लॅटिन शिकत होता. बोटीवर आल्यावर ग्रीक काय कामाची? त्याच्या वाट्याला भट्टीचा कोळसा आणि स्वयंपाक्याच्या हाताखालची कामं आली. ५ जानेवारी १९२२ च्या पहाटे, बोट साउथ जॉर्जिया बेटाशी उभी असताना, शॅकलटन हृदयविकाराने गेला. ज्याच्या नावावर सगळी मोहीम उभी होती तोच माणूस गेला. तरी मोहीम थांबली नाही. फ्रँक वाइल्डने सूत्रं हाती घेतली आणि बोट दक्षिणेकडे निघाली. बर्फाने वाट अडवली, फार काही हाती लागलं नाही, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मंडळी इंग्लंडला परतली. मोहीम म्हणून हिशेब केला तर ‘क्वेस्ट’ची कामगिरी बेताचीच. डोक्यावर कर्जही होतं, ते फेडण्यासाठी पैसे उभे करण्याच्या कार्यक्रमांत ‘स्काउट मार’ म्हणून प्रसिद्ध झालेल्या या पोराला उभं केलं गेलं.

पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मारने ग्रीक-लॅटिनची एम. ए. पूर्ण केली, पण तिच्यासोबत प्राणिशास्त्राची पदवीही घेतली. मग तो ‘डिस्कव्हरी इन्व्हेस्टिगेशन्स’ या संशोधन प्रकल्पात गेला. या प्रकल्पाचा पैसा कुठून यायचा, तर देवमाशाच्या तेलावरच्या करातून. देवमासे बेसुमार मारले जात होते. ते किती आहेत, कुठे जातात, काय खातात हे कळलं तरच धंदा टिकेल, असा त्यामागचा रोकडा विचार. देवमासे खातात क्रिल. कोळंबीसारखा दिसणारा, बोटाच्या दोन पेरांएवढा जीव. अंटार्क्टिकाच्या समुद्रातले देवमासे, सील, पेंग्विन असे कितीतरी प्राणी त्याच्यावर पोसले जातात. मार या क्रिलच्या मागे लागला तो जवळजवळ जन्मभर. १९२९ ते १९३१ मध्ये डग्लस मॉसनच्या मोहिमेत गेला, पुढेही समुद्रात जाळी टाकत राहिला. १९६२ मध्ये क्रिलवरचा त्याचा चारशेहून अधिक पानांचा प्रबंध छापून आला. तीन वर्षांनी मार वारला. कोळसा ओढण्यापासून या प्रबंधापर्यंत चाळीस वर्षं लागली.

मध्ये एक दुसरं महायुद्धही येऊन गेलं. १९४३ मध्ये ब्रिटनने ‘ऑपरेशन टॅबरिन’ नावाची गुप्त मोहीम अंटार्क्टिकाला पाठवली, तिचं नेतृत्व मारकडे होतं. १९४४ च्या फेब्रुवारीत पोर्ट लॉकरॉयला तळ उभा राहिला. पुढे ज्याला ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हे हे नाव मिळालं, त्या कामाचं मूळ इथे आहे. पण एका हिवाळ्यानंतर मारची प्रकृती ढासळली आणि नेतृत्व सोडून त्याला परतावं लागलं. मूनीला जे पहिल्या महिन्यांत सोसलं नाही, ते मारला बेचाळिशीत सोसेना. बर्फ कोणाची ओळख ठेवत नाही.

आता अमेरिकेत जाऊ. १९२८ मध्ये रिचर्ड बर्डने असाच एक स्काउट न्यायचं ठरवलं. पेनसिल्व्हेनियातल्या ईरी गावचा, कॉलेजात नुकताच गेलेला एकोणीस वर्षांचा पॉल सायपल निवडला गेला. रॉस हिमपट्ट्यावरच्या ‘लिटल अमेरिका’ तळावर बेचाळीस माणसांनी हिवाळा काढला, त्यांत हा सगळ्यांत लहान. कुत्रे सांभाळायचे, सील आणि पेंग्विनचे नमुने जमवून संग्रहालयासाठी तयार करायचे, ही त्याची कामं. बर्डने नोव्हेंबर १९२९ मध्ये दक्षिण ध्रुवावरून विमान नेलं, कीर्ती त्याला मिळाली. सायपल घरी आला, राहिलेली पदवी पूर्ण केली आणि १९३३ मध्ये बर्डच्याच दुसऱ्या मोहिमेत पुन्हा गेला. आता तो मुख्य जीवशास्त्रज्ञ होता.

सायपलला एक प्रश्न चिकटला होता. बर्फात राहिलेल्या प्रत्येकाला तो पडतो, पण बहुतेक जण कुरकुर करून सोडून देतात. तापमापक एकच आकडा दाखवतो, मग वारा सुटला की थंडी दुप्पट का वाटते? अंटार्क्टिकाच्या हवामानाशी शोधप्रवासी कसा जुळवून घेतो, हाच त्याने १९३९ मध्ये डॉक्टरेटचा विषय केला. तिसऱ्या मोहिमेत, १९४०-४१ मध्ये, चार्ल्स पॅसेल या भूशास्त्रज्ञाबरोबर त्याने प्रयोग केला. प्रयोग अगदी साधा. प्लॅस्टिकच्या छोट्या नळकांड्यात पाणी भरायचं, ते उघड्यावर वाऱ्यात टांगायचं आणि गोठायला किती वेळ लागतो ते मोजायचं. तापमान आणि वाऱ्याचा वेग बदलेल तसा वेळ बदलतो. आपल्या अंगाभोवती उबदार हवेचा पातळ थर असतो, वारा तो सतत उडवून लावतो, म्हणून उष्णता झपाट्याने जाते. हे परिणाम १९४५ मध्ये छापून आले. थंड देशांतल्या हवामानाच्या बातम्यांत आज जो ‘विंड चिल’ ऐकू येतो, त्याचा उगम हा.

आता, नळकांडं म्हणजे माणसाचा चेहरा नव्हे. सायपल-पॅसेलचं सूत्र थंडी वाजवीपेक्षा जास्त दाखवायचं. २००१ मध्ये अमेरिका आणि कॅनडाने नवं सूत्र स्वीकारलं. त्यासाठी टोरांटोत स्वयंसेवकांना थंड वाऱ्याच्या बोगद्यात चालवून त्यांच्या चेहऱ्याची उष्णता मोजली गेली. तोपर्यंत साठेक वर्षं त्या नळकांड्याने काम चालवलं, हेही थोडं नाही.

१९५७ मध्ये, आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या निमित्ताने, दक्षिण ध्रुवावर माणसांनी पहिल्यांदा हिवाळा काढला. अठरा जण होते आणि वैज्ञानिक प्रमुख होता पॉल सायपल. त्या सप्टेंबरात तिथे पारा उणे ७४.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला. बर्ड ज्या जागेवरून विमानाने काही क्षणांत पुढे गेला, तिथे त्याचा स्काउट वर्षभर राहिला.

या सगळ्यात एक गोष्ट डोळ्यांत खुपते. हजारो अर्ज आले, पण ते सगळे मुलांचे. मुलींना कोणी विचारलंच नव्हतं. १९३२ मध्ये स्कॉटच्या मोहिमेतला डॉक्टर मरी लेव्हिक याने शाळकरी मुलांना रानात नेण्यासाठी संस्था काढली, तीही मुलग्यांचीच. त्यामुळे ‘मोहिमेने किती आयुष्यं घडवली’ हा हिशेब मांडताना, दारातच अडवलेल्यांची संख्या आपल्याला कधी कळणार नाही.

पण दार बंद असलं तरी पुस्तकं बाहेर येतात. मार ज्या ‘डिस्कव्हरी’ प्रकल्पात होता, त्याच्या १९२५-२७ च्या सफरीत मुख्य प्राणिशास्त्रज्ञ होता ॲलिस्टर हार्डी. त्याने पुढे ‘द ओपन सी’ हे पुस्तक लिहिलं. नागपूरला जन्मलेल्या, पुण्यात शिकलेल्या आदिती पंत यांच्या हाती ते पडलं आणि त्यांनी समुद्रविज्ञान घ्यायचं ठरवलं. हवाई, लंडन असं शिक्षण घेऊन त्या गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत आल्या. १९८३ मध्ये भारताची तिसरी अंटार्क्टिक मोहीम निघाली तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती. त्या आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता या भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या स्त्रिया. स्काउटच्या वयात त्यांना कोणी बोटीवर घेतलं नव्हतं. पंतांनी तिथे अभ्यास केला तो समुद्रातल्या अन्नसाखळीचा, ज्या साखळीत मारचं क्रिल येतं.