चार छेद आणि एकशे तीन वर्षं

मंडळी, या वीकएंडचा विषय पोटातला आहे, म्हणजे अगदी शब्दशः पोटातला. पित्ताशय. आमच्या नागपुरात हा शब्द सहसा कोणी वापरत नाही. "गॉल ब्लॅडर काढलं" असंच म्हणतात, आणि तेही दाढ काढल्याच्या थाटात. "दुर्बिणीतून केलं, तिसऱ्या दिवशी घरी, दहाव्या दिवशी ऑफिसात." धंतोली-रामदासपेठ भागात चक्कर मारली तर हॉस्पिटलांच्या पाट्यांवर 'लॅप्रोस्कोपिक सर्जन' हे शब्द इतक्यांदा दिसतात की त्यात काही नवल आहे असं वाटतच नाही.

पण याच गावात सत्तरी ओलांडलेल्या एखाद्या मावशींना विचारून बघा. त्यांचंही गॉल ब्लॅडर काढलेलं असतं, फक्त पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी. त्या उजव्या बरगडीखालची वीतभर तिरकी खूण सांगतील, हॉस्पिटलातला आठवडा सांगतील, घरी आल्यावर महिना-दीड महिना बादली उचलायची नाही हे सांगतील, आणि खोकला आला की जीव कसा जायचा ते तर हातवारे करून सांगतील. आजार तोच, अवयव तोच, काढून टाकलं तेही तेच. मग त्यांचा दीड महिना आणि आपले दहा दिवस हा फरक आला कुठून? थोडं वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं की त्यांनी जे सोसलं त्यातला मोठा भाग पित्ताशयाचा नव्हताच, तिथवर पोचायच्या रस्त्याचा होता. आणि हा रस्ता बदलायला सर्जन मंडळींना एकशे तीन वर्षं लागली!

तर सुरुवात बर्लिनपासून. १५ जुलै १८८२. कार्ल लांगेनबुख नावाच्या, पस्तिशीतल्या सर्जनने लाझारस हॉस्पिटलात पहिल्यांदा माणसाचं पित्ताशय समूळ काढलं. त्याआधी डॉक्टर फार तर पित्ताशय उघडून खडे बाहेर काढत (अमेरिकेत जॉन बॉब्ज यांनी १८६७ मध्ये तसं केलं होतं). पण खडे पुन्हा व्हायचे. आपल्या भाषेत सांगायचं तर रोज रात्री खराब डेटा साफ करायचा आणि तो तयार करणारा बग तसाच ठेवायचा. लांगेनबुखचं म्हणणं साधं होतं: खडे जिथे बनतात ती पिशवीच काढा. तिच्यावाचून शरीराचं अडत नाही. (घोड्याला, कबुतराला पित्ताशय मुळात नसतंच. त्यांचं छान चाललंय.) काही वर्षं मृतदेहांवर सराव करून मग त्याने हे धाडस केलं.

त्याचा पेशंट ४३ वर्षांचा होता, सोळा वर्षं पोटदुखीने बेजार, आणि त्या दुखण्यापायी मॉर्फिनच्या आहारी गेलेला. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी त्याला ताप नव्हता, दुखणं थोडंच होतं आणि गडी चक्क सिगार ओढत होता. वैद्यकीय इतिहासात ही सिगार फार प्रेमाने सांगितली जाते. त्याला घरी जायला पुढे काही आठवडे लागले, हे मात्र सहसा सांगत नाहीत.

कारण खड्यांचं दुखणं गेलं आणि त्याच्या जागी कापल्याचं आलं. बरगडीखाली पंधरा-वीस सेंटिमीटरचा छेद म्हणजे फक्त कातडी कापणं नव्हे. खालचे पोटाचे स्नायूही कापले जातात, आणि हेच स्नायू श्वासाबरोबर हलतात, खोकताना आवळतात, कुशीवर वळताना ताणले जातात. म्हणजे दुखरी जागा अशी की तिला विश्रांती देताच येत नाही. पेशंट मग वरवरचा श्वास घेतो, खोकला दाबतो. कफ साचतो आणि न्यूमोनिया दार ठोठावतो. अनेक वर्षं यावरचा उपाय काय होता, तर अंथरुणात पडून राहा! दोन-दोन आठवडे. त्याने पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या व्हायची भीती वाढायची, ती वेगळीच. १९४० च्या दशकात डेट्रॉइटच्या डॅनियल लेइथॉझर यांनी पेशंटला लवकर उठवा, चालवा, म्हणून आग्रह धरला. महायुद्धामुळे खाटा कमी पडत होत्या, त्याचाही हातभार लागला असणार. आज नर्सबाई संध्याकाळीच येऊन "चला उठा, फेरी मारा" म्हणतात, तेव्हा तो छळ नसून बऱ्याच भांडणानंतर शिकलेलं शहाणपण असतं.

या छेदाचं सगळ्यात प्रसिद्ध छायाचित्र ऑक्टोबर १९६५ चं आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी पत्रकारांसमोर शर्ट वर करून ऑपरेशनची खूण दाखवली. भली लांबलचक. पुढच्याच वर्षी व्यंगचित्रकार डेव्हिड लेव्हाइन यांनी ती व्हिएतनामच्या नकाशाच्या आकाराची काढली आणि चित्र अजरामर झालं. आणि अँडी वॉरहॉल? १९८७ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कमध्ये पित्ताशयाचं ऑपरेशन झालं आणि दुसऱ्याच दिवशी, ५८ व्या वर्षी तो गेला. "रूटीन ऑपरेशन" हा शब्द डॉक्टरांनी वापरला तरी आपण जपूनच ऐकावा.

एवढं असूनही मोठ्या छेदाबद्दल सर्जन लोकांची तक्रार नव्हती. उलट 'मोठा सर्जन, मोठा छेद' अशी म्हणच होती. नीट दिसायला हवं, हात जायला हवा, हे त्यांचं कारण खोटं नव्हतं. पण दुखणं मोजायचा रकाना त्यांच्या वहीत नव्हता. पेशंट जगला का, खडे गेले का, जखम पिकली का, एवढंच बघायचं. कामावर कधी गेला, हे कोण विचारणार?

आता आपला खरा हिरो. एरिख म्यूहे, स्टुटगार्टजवळच्या ब्योब्लिंगेन गावातला सर्जन. म्हणजे बड्या विद्यापीठाचा वगैरे नाही, जिल्ह्याच्या गावचा माणूस. जर्मनीतच कुर्ट झेम या स्त्रीरोगतज्ज्ञाने दुर्बिणीतून अपेंडिक्स काढून दाखवलं होतं (आणि सहकाऱ्यांनी त्याच्या डोक्यावर परिणाम झालाय का अशी शंका घेतली होती). ते बघून म्यूहेने पित्ताशयासाठी स्वतःचं यंत्र बनवलं, त्याला 'गॅलोस्कोप' असं नाव दिलं आणि १२ सप्टेंबर १९८५ ला पहिलं ऑपरेशन केलं. १८८२ ते १९८५, एकशे तीन वर्षं.

१९८६ मध्ये तो जर्मन सर्जन्सच्या अधिवेशनात हे सांगायला गेला, तर लोकांनी चेष्टा केली. 'मिकी माऊस सर्जरी' म्हणे. पुढे त्याच्या एका पेशंटचा मृत्यू झाला आणि १९८७ मध्ये प्रकरण कोर्टात गेलं. तोवर फ्रान्समध्ये ल्योंच्या फिलिप मूरे यांनी १९८७ मध्ये तेच केलं, पाठोपाठ पॅरिस आणि बोर्दोच्या सर्जन्सनी केलं, त्याचे व्हिडिओ अमेरिकेत पोचले आणि दोन-तीन वर्षांत जगभर लाट आली. म्यूहे १९९० मध्ये कोर्टातून सुटला. १९९२ मध्ये ज्या जर्मन संस्थेने त्याला हसून घालवलं होतं तिनेच त्याचा सन्मान केला. लाट एवढ्या झटक्यात यायचं माझ्या मते एक कारण पेशंट हेच होते. शेजारणीला चार बारीक छेद आणि मला वीतभर? लोकांनी सरळ सर्जन बदलले.

आपल्याकडे ही लाट मुंबईत लागली ती थेट जे. जे. रुग्णालयात, म्हणजे सरकारी दवाखान्यात. १९९० साली डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी तिथे दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, भारतातलं पहिलं. काही महिन्यांत पुण्यात डॉ. ज्योत्स्ना कुलकर्णी यांनी केलं. उदवाडियांना दुर्बीण नवी नव्हती. १९७२ पासून ते तिचा वापर पोटात बघून निदान करायला करत होते. नुसतं आत काय झालंय हे बघायला गरीब माणसाचं पोट फाडायची वेळ येऊ नये, म्हणून.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे उलटं वाटलं होतं. महागडा कॅमेरा, महागडी यंत्रं. हे तर श्रीमंत देशांचं खूळ, असं तेव्हा म्हणणारे होतेच. उदवाडियांचा मुद्दा नेमका याच्या विरुद्ध होता: ही पद्धत सगळ्यात जास्त गरजेची आहे ती गरिबालाच. विचार करा राजेहो. आपल्यासारख्याला सिक लीव्ह आहे, मेडिक्लेम आहे, फारच झालं तर घरून लॉगिन करता येतं. कॉटन मार्केटात पोती उचलणाऱ्या हमालाचे स्नायू कापले तर दीड महिना चूल कशावर पेटणार? आणि गडचिरोलीहून नागपूरच्या मेडिकलला आणलेला पेशंट जितके दिवस खाटेवर, तितके दिवस त्याच्यासोबत आलेल्याचीही मजुरी बुडते. दुखण्याचा हिशोब असा रुपयांत मांडला की यंत्र महाग वाटेनासं होतं. उदवाडिया २०२३ च्या जानेवारीत, ८८ व्या वर्षी गेले. पद्मभूषण त्यांना २०१७ मध्ये मिळालं होतं. आपल्या पिढीतल्या किती जणांना त्यांचं नाव ठाऊक आहे, देव जाणे.

आता नाण्याची दुसरी बाजू, कारण ती न सांगणं म्हणजे सेल्समनगिरी. पित्ताशयाला लागूनच मुख्य पित्तनलिका असते. ती चुकून कापली गेली तर माणूस कामातून जातो. ब्रिटनच्या अँथनी ईडन यांचं १९५३ मध्ये पित्ताशय काढताना हेच झालं. पुन्हा ऑपरेशन, मग बोस्टनला जाऊन आणखी एक, आणि १९५६ मध्ये ऐन सुएझच्या धामधुमीत पंतप्रधान तापाने फणफणलेले. जानेवारी १९५७ मध्ये त्यांनी तब्येतीचं कारण देऊन राजीनामा दिला. ते ऑपरेशन उघड्या पोटाचं होतं. पण दुर्बीण आल्यावर सुरुवातीच्या वर्षांत ही इजा वाढली, कमी नाही झाली. टेस्टिंग न करता रिलीज मारलं की काय होतं ते आपल्याला माहीत आहेच. १९९५ मध्ये स्ट्रासबर्ग आणि सहकाऱ्यांनी नियम घालून दिला: दोनच गोष्टी पित्ताशयात जाताना स्वच्छ दिसल्याशिवाय काहीही कापायचं नाही. आणि दिसत नसेल तर सरळ पोट उघडायचं. त्यामुळे "दुर्बिणीतून सुरू केलं पण उघडावं लागलं" असं कोणी सांगितलं तर डॉक्टरला नावं ठेवू नका. बहुतेक वेळा त्याने शहाणपण केलेलं असतं.

बरं, चार छेदांनी दुखणं संपलं का? नाही, फक्त जागा बदलली. माझं स्वतःचं पित्ताशय दोन वर्षांपूर्वी काढलं. पोट दुखेल याची तयारी होती. दुखला तो उजवा खांदा! असा की रात्री उशीला टेकवेना. आधी कोणी एका शब्दाने सांगितलं नव्हतं, त्यामुळे दोन तास मी हार्ट अटॅकच्या विचारात. कारण नंतर समजलं. दुर्बिणीला जागा व्हावी म्हणून पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवतात. हा वायू पेट घेत नाही आणि रक्तात विरघळून श्वासावाटे निघून जातो, म्हणून तो. पण उरलेला थोडा वायू आणि आधीचा ताण यांनी श्वासपटल चिडतं. त्याची नस निघते मानेतून, खांद्याच्या कातडीच्या नसांच्या शेजारून, आणि मेंदूचा पत्ता चुकतो. चुकीच्या सर्व्हरवर अलर्ट, दुसरं काही नाही :-) दोन-तीन दिवसांत जातं. चालल्याने, गरम शेकाने मला बरं वाटलं. खोकताना पोटाशी उशी घट्ट धरायची आणि उठताना सरळ न उठता आधी कुशीवर वळायचं, या दोन युक्त्या मात्र नर्सबाईंनी शिकवल्या. त्यांचं भलं होवो.

गोळ्यांचीही एक गंमत आहे. म्यूहेच्या पहिल्या ऑपरेशननंतर चारच दिवसांनी, १६ सप्टेंबर १९८५ ला, भारतात अमली पदार्थांच्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. हेतू चांगला, पण परवान्यांचं जंजाळ एवढं झालं की हॉस्पिटलांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं आणि वापर झपाट्याने घसरला. दुरुस्ती यायला २०१४ उजाडलं. वीतभर छेदाला मॉर्फिनसारखं औषध लागतं, चार बारीक छेदांना बहुधा पॅरासिटामॉल आणि एखादी सूज उतरवणारी गोळी पुरते. दुर्बीण भारतात इतकी रुजली त्यात या टंचाईचाही वाटा असावा, असा आपला माझा अंदाज. डेन्मार्कच्या हेन्रिक केहलेट यांनी १९९० च्या दशकात हेच पद्धतशीर मांडलं: एकाच जबर औषधाऐवजी थोडी थोडी वेगवेगळी औषधं, जखमेत भुलीचं इंजेक्शन, लवकर खाणं आणि लवकर चालणं.

वयाचंही फार अडत नाही असं दिसतं. २०२१ च्या मार्चअखेर शरद पवारांना मुंबईच्या ब्रीच कँडीत नेलं. पित्तनलिकेत अडकलेला खडा आधी एंडोस्कोपीने काढला, आणि १२ एप्रिलला दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. वय ८०. दुखणं एकच असलं तरी ते असं दोन टप्प्यांत उतरतं, हे त्या बातम्यांमुळे महाराष्ट्रात घराघरांत समजलं.

राहता राहिला जेवणाचा प्रश्न, कारण नागपुरात शेवटी विचारतात ते हेच. पित्त बनवतं लिव्हर, पित्ताशय ते फक्त साठवतं. टाकी गेली तरी नळ चालूच असतो, थेंब थेंब. त्यामुळे एकदम तेलकट खाल्लं तर काही जणांना जुलाब होतात, पण बहुतेकांचं काही आठवड्यांत जमून जातं. मी पहिले पंधरा दिवस वरणभात आणि पोळी, मग पोहे (तर्रीशिवाय, म्हणजे कोरडेच), महिन्याने तर्री चमचाभर. सावजीचं विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "तीन महिन्यांनी, अर्धी प्लेट, आणि घरी कोणाला सांगू नका मी म्हटलं म्हणून."