ऊर्जा डब्यात की डब्यावर?

पवईत आयआयटीसमोरून जाणारा आदि शंकराचार्य मार्ग असो की हिरानंदानी संकुलातील दुकाने, शीतपेयांच्या फ्रिजमध्ये 'एनर्जी ड्रिंक' वेगळे ओळखू येते. काळा, चंदेरी किंवा भडक लाल रंग, तिरकी टोकदार अक्षरे, झेपावणारा प्राणी वा विजेची खूण. ग्राहकाने अजून घोटही घेतलेला नसतो. पण हे पेय 'जोरदार' आहे, असे त्याच्या मनाने ठरवलेले असते. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणारा विद्यार्थी आणि रात्रपाळी करणारा संगणक अभियंता यांच्या या परिसरात त्या वेष्टनाची भाषा समजून घेणे अगत्याचे आहे.

या भाषेचे शिक्षणही पवईतच मिळते. आयआयटी मुंबईतील औद्योगिक अभिकल्प केंद्र, म्हणजे आजचे 'आयडीसी स्कूल ऑफ डिझाइन', १९६९ मध्ये सुरू झाले. येथून जवळच, अंधेरी पूर्वेला, १९६६ मध्ये स्थापन झालेली 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग' आहे. अक्षरांनाही स्वभाव असतो, याचे भान मराठी जगताला देणारे सुलेखनकार र. कृ. जोशी जाहिरात क्षेत्रातील कारकिर्दीनंतर आयडीसीमध्ये अध्यापन करीत होते. एखादे अक्षर सरळ उभे केले तर ते स्थिर वाटते. उजवीकडे झुकवून त्याच्या कडा धारदार केल्या की तेच वेगवान भासू लागते. ऊर्जापेयांच्या नावांची अक्षरे बहुधा या दुसऱ्या प्रकारची असतात.

औषधाच्या बाटलीपासून काळ्या डब्यापर्यंत

ऊर्जापेयांचा इतिहास हा वेष्टनांचाही इतिहास आहे. जपानमध्ये १९६२ मध्ये आलेले 'लिपोव्हिटान डी' तपकिरी काचेच्या, १०० मिलिलिटरच्या छोट्या बाटलीत मिळत असे. त्या बाटलीने ग्राहकाला सांगितले, की हे शीतपेय नसून टॉनिक आहे. पुढे थायलंडमध्ये 'क्राटिंग डेंग' हे पेय मालमोटारींचे चालक आणि कष्टकरी यांच्यात लोकप्रिय झाले. या नावाचा अर्थ तांबडा गवा. राधानगरीच्या जंगलात दिसणाऱ्या गव्याचाच हा भाऊबंद.

ऑस्ट्रियाचे उद्योजक डिट्रिश मातेशिट्झ यांनी या पेयात युरोपीय रुचीनुसार बदल करून १९८७ मध्ये 'रेड बुल' बाजारात आणले. गवे तेच राहिले, पण बाटली गेली आणि निळा-चंदेरी, सडपातळ, २५० मिलिलिटरचा डबा आला. श्रमिकाचे पेय अशा रीतीने शहरी तरुणाचे, महागडे पेय झाले. अमेरिकेत २००२ मध्ये आलेल्या 'मॉन्स्टर'ने मोठा काळा डबा आणि त्यावर नख्यांनी ओरबाडल्यासारखी हिरवी खूण निवडली. त्यातून साहस आणि बेदरकारपणाचा संदेश दिला गेला. भारतात 'स्टिंग'च्या लाल, प्लॅस्टिकच्या, वीस रुपयांच्या बाटलीने हे पेय शाळकरी मुलाच्या खिशाच्या आवाक्यात आणले. वेष्टन बदलत गेले, तसा गिऱ्हाईकही बदलत गेला.

मन कसे फसते?

वेष्टनाचा परिणाम केवळ कल्पनेतला नाही. प्रिया रघुवीर आणि आराधना कृष्णा यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, समान आकारमानाच्या दोन भांड्यांपैकी उंच भांड्यात अधिक द्रव आहे, असे लोकांना वाटते. सडपातळ डब्याचा फायदा येथे लक्षात येतो.

बॉस्टन कॉलेजमधील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग अधिक बोलका आहे. मोटार शर्यतीच्या संगणकीय खेळात सर्व गाड्यांची क्षमता सारखी होती. फरक फक्त अंगावरील बोधचिन्हांचा होता. 'रेड बुल'च्या रंगातील गाडी मिळालेले खेळाडू अधिक आक्रमकपणे खेळले. त्यामुळे काही जण फार वेगाने पुढे गेले, तर काही जण मार्गावरून घसरून मागे पडले. पेयाचा एक थेंबही कोणाच्या पोटात गेला नव्हता.

बाबा शिव, झिव कार्मन आणि डॅन एरिअली यांनी २००५ मध्ये किमतीचा परिणाम तपासला. ऊर्जापेय सवलतीत मिळालेल्यांनी पूर्ण किंमत मोजणाऱ्यांपेक्षा कमी शब्दकोडी सोडवली. पेय एकच होते. पॅरिसमधील तरुणांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एकाच मिश्र मद्याला निरनिराळी नावे देण्यात आली. नावात 'रेड बुल' असल्याचे कळलेल्यांना अधिक नशा चढल्यासारखे वाटले. थोडक्यात, जाणवणाऱ्या तरतरीचा काही भाग डब्यात असतो आणि काही डब्यावर.

डब्याच्या मागे काय?

डब्यातील घटक मात्र मोजता येतात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) नियमांनुसार कॅफीनयुक्त पेयात प्रतिलिटर १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असू शकते. म्हणजे २५० मिलिलिटरमध्ये जास्तीत जास्त ७५ मिलिग्रॅम. एका कडक कॉफीतूनही साधारण एवढे कॅफीन मिळते. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅम, तर मुलांसाठी वजनाच्या प्रतिकिलो ३ मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली. तीस किलो वजनाच्या मुलासाठी ती ९० मिलिग्रॅम होते. अशा दोन बाटल्यांत ती ओलांडली जाऊ शकते. त्यात साखरेची भर पडते. १०० मिलिलिटरमागे ११ ग्रॅम साखर असेल, तर २५० मिलिलिटरच्या डब्यातून सहा-सात चमचे साखर पोटात जाते.

भारतात या पेयांवर 'उच्च कॅफीन' आणि 'दिवसाला ५०० मिलिलिटरहून अधिक घेऊ नये' असे छापणे, तसेच मुले, गर्भवती, स्तनदा माता व कॅफीन न सोसणाऱ्या व्यक्तींसाठी ते योग्य नसल्याचे नमूद करणे बंधनकारक आहे. मात्र, लेबलावरील अनिवार्य मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असला तरी चालतो. मराठीची सक्ती नाही. चित्र आणि रंग यांना भाषेची अडचण नसते, इशाऱ्याला असते.

कायद्याची मर्यादा

जुलै २०२४ मध्ये तत्कालीन अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी विधान परिषदेत, शाळांपासून ५०० मीटरच्या परिसरात उच्च कॅफीनयुक्त पेयांच्या विक्रीवर बंदी घालणार असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये एफएसएसएआयने ई-व्यापार कंपन्यांना दुग्ध, धान्य व माल्टवर आधारित पेये 'हेल्थ ड्रिंक' किंवा 'एनर्जी ड्रिंक' या गटांत न विकण्याची सूचना केली होती. पाकिटाच्या दर्शनी भागावर इशारा असावा, या मागणीवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये तज्ज्ञ समितीला शिफारशींसाठी तीन महिन्यांची मुदत दिली.

या उपायांचा रोख विक्रीची जागा, नाव आणि मजकूर यांवर आहे. काळा रंग, नख्यांची खूण किंवा धावती अक्षरे कोणत्याही नियमात पकडता येत नाहीत आणि पहिला ठसा तर त्यांचाच उमटतो. मुलांना 'हे पिऊ नको' असे सांगणाऱ्या पालकांनी त्याबरोबर डबा उलटून दाखवणे म्हणूनच उपयोगाचे. पुढची बाजू वाचण्यास क्षणही पुरतो. मागच्या बाजूसाठी अर्धा मिनिट काढावा लागतो. आरोग्याच्या दृष्टीने तो अर्धा मिनिटच मोलाचा आहे.